पायथनने इनबॉक्स वाचा, पण मेल 'वाचलेला' होऊ देऊ नका

दादा, तुमचे प्रश्न दोन आहेत. पासवर्ड बरोबर असून पायथनमधून जीमेलला लॉगिन होत नाही, आणि मित्राच्या अकाउंटवर झालं तर कोड चालवल्यावर त्याचे सगळे न वाचलेले मेल वाचलेले दिसायला लागले. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण पहिला लवकर आटपतो म्हणून तो आधी घेतो.

जीमेलने 30 मे 2022 पासून साध्या अकाउंटला नेहमीच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामचं लॉगिन बंद केलंय. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग अकाउंटच्या सेटिंगमधून अ‍ॅप पासवर्ड काढा, तो फक्त बाहेरच्या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, 16 अक्षरी असतो, तोच कोडला द्यायचा, आणि कोडच्या फाइलीत लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर सिस्टिमच्या सेटिंगमध्ये, ठेवा. सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 993, पायथनसोबत येणारं इमॅपलिब हे मेल वाचायचं मॉड्यूल पुरतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. आउटलुकचं पर्सनल अकाउंट असेल तर सप्टेंबर 2024 पासून तिथे पासवर्डचा मार्गच बंद आहे, ओऑथचं टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी परवानगीची किल्ली, लागतं.

आता मुख्य गोष्ट. मी रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं काम करून दिलं होतं. इकडून गाडी भरून गेली की माल विकल्यावर तिकडून हिशोबपट्टी मेलवर पीडीएफने येते, ती आपोआप उतरवून एक्सेलमध्ये टाकायची एवढंच काम, मी स्क्रिप्ट रात्री 2 वाजता चालेल अशी लावली आणि घरी आलो. मुनीमकाका रोज सकाळी मेल उघडून जे ठळक अक्षरात दिसतात तेवढेच बघायचे, आणि माझ्या स्क्रिप्टने रात्रीतून सगळेच वाचलेले करून टाकले होते. त्यात एकाने गाडीचा भाव बदलून मागितला होता, ते पत्र तिसऱ्या दिवशी सापडलं. काकांचा चेहरा पडलेला मला अजून आठवतो, कारण त्यांना वाटलं चूक त्यांचीच झाली, आणि चूक सगळी माझी होती.

कारण असं, की फेच करताना, म्हणजे सर्व्हरकडून मेल मागवताना, नुसतं आरएफसी822 किंवा बॉडी मागितली की सर्व्हर स्वतःच त्या मेलवर 'सीन' ची, म्हणजे वाचल्याची, खूण लावतो. त्याऐवजी बॉडी डॉट पीक मागा, मेल पूर्ण येतो पण खूण लागत नाही. शिवाय इनबॉक्स सिलेक्ट करताना रीडओन्ली ट्रू द्या, म्हणजे पुढे कुठे पीक लिहायचं राहिलं तरी खूण लागणार नाही. दोन्ही करा, एकावर भरवसा ठेवू नका.

मग तुम्ही म्हणाल की खूणच नाही तर कोणता मेल झाला, कोणता राहिला ते कळणार कसं? ते आपण आपल्याकडे लिहून ठेवायचं. प्रत्येक मेलला यूआयडी, म्हणजे सर्व्हरने दिलेला स्वतःचा वेगळा नंबर, असतो, शेवटचा केलेला यूआयडी एका फाइलीत ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या पुढचे मागा. साध्या अनुक्रमांकावर जाऊ नका, मधला एखादा मेल डिलीट झाला की खालचे सगळे नंबर सरकतात. यूआयडीसोबत यूआयडी-व्हॅलिडिटीचा आकडाही, म्हणजे आधीचे यूआयडी अजून लागू आहेत का ते सांगणारा सर्व्हरचा आकडा, जपून ठेवा, तो बदलला तर जुने यूआयडी बाद समजून नव्याने सुरुवात करायची.

आलेला मेल पायथनच्या ईमेल मॉड्यूलने वाचताना त्यातल्या मेसेज फ्रॉम बाइट्स या फंक्शनला पॉलिसी डिफॉल्ट नक्की द्या. नाही दिली तर मराठी विषय कोड केलेल्या अक्षरांतच हातात येतो, 'यूटीएफ-8' नंतर 'बी' आणि मग नुसती इंग्रजी अक्षरं-आकड्यांची रांग. मी एकदा अर्धा दिवस समजत होतो की मेलच खराब आलाय. त्या रांगेची सुरुवात '4केएस' ने असेल तर खाली देवनागरी आहे हे ओळखून घ्या, केळीचा 'क' असो की पट्टीचा 'प', बेस64 मध्ये, म्हणजे मजकूर इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदलायच्या या पद्धतीत, सुरुवात तीच होते. पॉलिसी दिली की विषय सरळ मराठीत मिळतो, मजकूर काढणारं गेट बॉडी चालतं आणि इटर अटॅचमेंट्सने जोडलेल्या पीडीएफही निघतात. फक्त समोरच्याने दिलेलं फाइलचं नाव जसंच्या तसं डिस्कवर वापरू नका, स्वतःचं नाव द्या, मी यूआयडीच लावतो.

अजून एक ठिकाणी हमखास अडकाल. 'अमुक यूआयडीपासून शेवटपर्यंत' असं मागताना शेवटाला तारा (*) देतो ना आपण, तर नवीन मेल एकही नसला तरी सर्व्हर सगळ्यात शेवटचा एक परत देतोच. माझ्याकडे त्यामुळे एकच पट्टी एक्सेलमध्ये रोज चढत होती. म्हणून आलेला यूआयडी आपल्या फाइलीतल्या आकड्यापेक्षा खरंच मोठा आहे का ते तपासा, नसेल तर सोडून द्या.