ट्रकखाली रोज सकाळी ओला डाग दिसतो, दुपारपर्यंत सुकून पांढरं उरतं. काय गळत असेल?

तुम्ही लिहिलंय की गाडी दहा चाकी, बीएस ६, २०२२ ची. रात्री वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला लावता. सकाळी डाव्या बाजूला, टाक्यांच्या खाली ताटाएवढा ओला डाग असतो. रंग नाही, तेलकट नाही, आणि दुपारपर्यंत सुकून पांढरट काहीतरी उरतं. एक मिस्त्री एसीचं पाणी म्हणतो, दुसरा कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तिसरा ब्रेकच्या हवेच्या टाकीचं पाणी.

मला वाटतं हा युरिया आहे, म्हणजे डेफ, धूर साफ करायला बीएस ६ गाडीत वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी. तुमच्या प्रश्नातलं 'पांढरं उरतं' हेच सगळ्यात कामाचं आहे. मिस्त्री ओला डाग बघून बोलले, सुकलेला कुणी बघितलाच नाही.

एसीचं पाणी म्हणजे हवेतला दमटपणा, ते सुकलं की मागे काही राहत नाही. हवेच्या टाकीतही मुंबईत पाणी भरपूर साठतं, पण त्यात कॉम्प्रेसरचं तेल उतरत असेल तर ते दुधाळ दिसतं आणि काळपट, तेलकट ठसा सोडतं. कुलंटला बहुतेक वेळा हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग असतो, ते बोटाला बुळबुळीत लागतं आणि दुपारपर्यंत काही पूर्ण सुकत नाही. डेफमध्ये मात्र ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. पाणी उडून जातं, युरिया जमिनीवर खडे होऊन बसतो.

खात्री करायची असेल तर ते पांढरं नखाने खरवडा आणि चिमूटभर ओल्या तळहातावर घ्या. युरिया असेल तर बघता बघता विरघळेल आणि तेवढीच जागा गार पडेल. विरघळताना तो हातातली उष्णता ओढून घेतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मुंबईत पांढरा डाग मिठाचाही असू शकतो. तुमच्या आधी त्या जागेवर भाऊच्या धक्क्यावरून आलेली मासळीची गाडी उभी असेल, तर बर्फाचं खारट पाणी सुकून तसंच दिसतं. मीठ एवढं गार लागत नाही. मग हात धुवा. आणि कृपा करून जिभेवर घेऊन बघू नका. जुने ड्रायव्हर असं करतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. कुलंट गोड लागतं आणि ते विष आहे. पार्किंगमधली कुत्री तेच गोड म्हणून चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कधी कुलंट सांडलं तर भरपूर पाणी मारून धुऊन टाका, नाहीतर माती टाकून ती उचला.

आता गळतंय कुठून ते शोधायचं. जिथे थेंब पडतो तिथेच बिघाड असतो असं धरून चालू नका. याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल टिपकत होतं. गॅरेजवाल्याने बघितल्याबरोबर मागचं ऑइल सील गेलं म्हणून सांगितलं. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, दोन दिवस गाडी उभी. तिसऱ्या दिवशी तेल पुन्हा तिथेच. शेवटी मी स्वतः डिझेलने इंजिन धुऊन, पुसून, अर्धा तास चालू ठेवून बॅटरी मारली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून, दोऱ्याएवढी बारीक ओल इंजिनच्या पाठीवरून खाली येत होती. गेलं होतं फक्त वरचं पॅकिंग.

म्हणून आधी तो भाग धुऊन कोरडा करा. रात्री खाली एक मोठी स्टीलची परात ठेवा, पावसाळ्यात पुठ्ठ्याचा लगदा होतो. परातीचा दुसरा फायदा असा की वडाळ्याची जमीन शेकडो गाड्यांच्या तेलाने आधीच काळी झालेली आहे, परातीत पडेल ते मात्र तुमचंच. डेफचा माग काढणं त्यातल्या त्यात सोपं, कारण जिथून पाझरतो तिथे पांढरी पापडी धरते. टाकीचं झाकण, टाकीवरचे पाइपचे जॉइंट, पंप, सायलेन्सरजवळचा डेफ फवारणारा नोझल, या क्रमाने बघा. आदल्या दिवशी टाकी तोंडापर्यंत भरली होती का तेही आठवा. उन्हात डेफ फुगतो आणि झाकणातून बाहेर येतो. तसं असेल तर बिघाड नाही, थोडी कमी भरा.

जॉइंटच गळत असेल तर लांबवू नका. डेफ वायरींच्या कनेक्टरमध्ये शिरला की आतलं तांबं खातो, मग सेन्सर चुकीचं सांगायला लागतात, दिवा लागतो आणि शेवटी गाडी ताकद सोडते. पापडी स्वच्छ कोमट पाण्याने धुवा, ती विरघळते. टाकीत मात्र नळाचं पाणी कधीही घालू नका. ड्रायव्हरला एवढंही सांगा की इंजिन बंद केल्यावर एक-दोन मिनिटं थांबूनच बॅटरीचा कटऑफ स्विच पाडायचा. त्या वेळात पंप पाइपमधला डेफ परत टाकीत ओढतो. घाई केली तर तो पाइपात आणि नोझलमध्ये सुकून बसतो.

खाली वाकलाच आहात तर मागच्या चाकांची आतली बाजूही बघून घ्या. तिथे ओल दिसली तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं सील गेलंय, तेल ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. अशी गाडी बोर घाटात उतरवू नका, भाडं गेलं तरी चालेल. डिझेल पाझरत असेल तर इंजिन चालू असताना पाइपवर हात फिरवून शोधू नका. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल नळीत दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपटीच्या वर जाऊ शकतो आणि सुईएवढी धारसुद्धा कातडीतून आत शिरते. आणि रस्त्यावर सांडलेलं डिझेल पहिल्या पावसात मागून येणाऱ्या बाइकवाल्याला पाडतं, तेव्हा जिथे सांडलं असेल तिथे वाळू टाका.

मिस्त्रीकडे जाताना परातीचा फोटो आणि पापडी धरलेल्या जॉइंटचा फोटो, दोन्ही घेऊन जा. टाकीवरचा पाइप असेल तर आधी क्लिप आणि ओ रिंग, म्हणजे जॉइंटमधली रबराची रिंग, बघायला सांगा. अख्खा पंप बदलायचा म्हणाला, तर पंप बाहेरून पुसून कोरडा करून, इंजिन चालू ठेवून, गळताना दाखव म्हणा.