‘ब्लिट्झ’ आणि नानावटी खटला

मुंबईचे ‘ब्लिट्झ’ हे इंग्रजी साप्ताहिक निव्वळ सनसनाटीवर चालत होते का, असे आपण विचारले आहे. सनसनाटीशिवाय ‘ब्लिट्झ’ची कल्पनाही करता येत नाही, हे खरे, पण ती बहुधा कोणाची तरी बाजू घेऊन येत असे, आणि माझ्या मते या साप्ताहिकाचे बळही त्यातच होते व दोषही त्यातच.

रुसी करंजिया यांनी १ फेब्रुवारी १९४१ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत ते सुरू केले. टॅब्लॉइड आकार, अंगावर येणारे मथळे, शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास यांचे सदर आणि डावीकडे उघड कल, ही त्याची ओळख. खासदार आचार्य कृपलानींवरील एका लेखामुळे १९६१ मध्ये लोकसभेने करंजियांना सभागृहात बोलावून समज दिली होती.

तरीही ‘ब्लिट्झ’ समजून घ्यायचे तर नानावटी खटल्याकडेच वळावे लागते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. करंजियांनी या प्रकरणात एक सज्जन, फसवला गेलेला पती आणि एक श्रीमंत, स्वैर तरुण अशी दोन पात्रे उभी केली आणि आठवड्यामागून आठवडा ती वाचकांपुढे ठेवली. २५ पैशांचा अंक त्या दिवसांत २ रुपयांना विकला जाई, असे सांगतात. ज्युरीने, म्हणजे कौल देण्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. मात्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे जन्मठेप झाली, जी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. (भारतातील ज्युरीपद्धत या एकाच खटल्याने संपली, असे सर्रास लिहिले जाते, ते अतिशयोक्त आहे, तिला पुरता विराम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मिळाला.)

न्यायालयात हरलेली बाजू ‘ब्लिट्झ’ने सोडली नाही, माफीसाठी त्याने मोहीम चालवली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, परंतु त्यासाठी मृताच्या बहिणीची लेखी संमती मिळवावी लागली. साप्ताहिक पुढे १९९० च्या दशकात बंद पडले, आणि करंजिया २००८ मध्ये निवर्तले तो दिवसही १ फेब्रुवारीच होता.