तुमचे पक्षी, तुमचे प्रश्न : बाहेरून पक्षी येत नाहीत, मग जोड्या लावायच्या कशा?

प्रश्न : माझ्याकडे सन कॉन्यूरच्या (पिवळ्या-केशरी लहान पोपटाच्या) तीन पेअर आहेत, सगळ्या चार वर्षांपूर्वी एकाच दुकानातून घेतलेल्या. पिल्लं छान निघायची. पहिल्या पेअरचीच दोन पिल्लं ठेवून, डीएनए करून नर-मादी निघाली म्हणून चौथी पेअर लावली. या पेअरची अंडी भरतात पण पिल्लू आतच मरतं, दोन क्लच (अंड्यांच्या खेपा) गेले. दुकानदार म्हणतो बाहेरची ब्लडलाइन आणा, पण इम्पोर्ट तर बंद आहे ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. एकाच पेअरची दोन पिल्लं म्हणजे सख्खे बहीण-भाऊ झाले, आणि त्यांची जोडी लावली की होणाऱ्या पिल्लात साधारण चौथा हिस्सा जीन्स आईकडून नि बापाकडून अगदी एकच, मूळ एकाच पक्ष्याची कॉपी आलेली असते. चुलत भावंडांची जोडी असती तर हाच आकडा सोळावा हिस्सा. आजा-आजीत कुठे एखादा खराब जीन दडून बसलेला असेल तर तो इथे दोन्ही बाजूंनी येऊन उघडा पडतो, आणि बऱ्याचदा तो अंड्यातच उघडा पडतो.

पण लगेच सगळं खापर रक्तावर फोडू नका, आधी बाकीचं तपासा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये हवा किती कोरडी होते ते तुम्हाला माहितीच आहे, ओलावा कमी पडला की पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटतं आणि शेवटच्या दोन दिवसांत जातं. मादीला कॅल्शियम कमी पडत असेल तरी असंच होतं. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं पाहिजे, नंतर त्या जाळ्याच्या जागी नुसता एक लाल गोल कडा उरला तर पिल्लू तिथेच गेलं असं समजायचं. गेलेलं अंडं फेकू नका, उघडून बघा, पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं का, चोच हवेच्या पोकळीत गेली होती का, आणि लिहून ठेवा. आता तुमच्या बाकी तीन पेअर त्याच खोलीत, त्याच दाण्यावर आहेत आणि त्यांची तक्रार तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून माझा संशय नात्यावरच जातोय. ही पेअर आजच वेगळी करा.

आता इम्पोर्टचं. कागदावर दार पूर्ण बंद नाहीये, पण घरी चार पेअर ठेवणाऱ्यासाठी ते बंदच समजा. परदेशातून जिवंत पोपट आणायला परकीय व्यापार खात्याचं लायसन्स, साइट्सचं (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचं) परमिट, पशुसंवर्धन खात्याचा सॅनिटरी परमिट, क्वारंटाइन एवढं सगळं लागतं, आणि ज्या देशात बर्ड फ्लू निघालाय तिथून पक्षी येऊच देत नाहीत. हे उगाच नाही हो, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निघाला होता, तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी काय सोसलं ते आठवून बघा.

आणि मला मनापासून सांगायचंय ते हे की तुम्हाला परदेशी पक्ष्याची गरजच नाहीये. तुमच्या मादीला तिच्या नात्यात नसलेला नर मिळाला की त्या पिल्लांमधलं इनब्रीडिंग एका पिढीत शून्यावर येतं, मग तो नर हॉलंडचा असो की हुबळीचा. अडचण एवढीच की नात्यात नसलेला शोधायचा कसा, कारण सांगली, पुणे, ठाणे तिन्हीकडच्या दुकानात कधीकधी कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या एकाच मोठ्या ब्रीडरची पिल्लं असतात, दुकान बदललं म्हणजे रक्त बदललं असं होत नाही (माझ्या ओळखीत एकाने तीन शहरांतून तीन पक्षी घेतले आणि पायातल्या रिंगा बघितल्या तर तिन्हींवर एकाच ब्रीडरची अक्षरं होती). म्हणून दुकानातून घेऊ नका, थेट ब्रीडरकडून घ्या, रिंग नंबर आणि आई-बापाचे रिंग नंबर विचारा, आणि जो सांगायला कां-कूं करतो त्याच्याकडून नका घेऊ. चांगला मार्ग म्हणजे अदलाबदल, तुमचा एक नर त्याला, त्याचा एक तुम्हाला. नवीन पक्षी आला की निदान महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवायचा, पीबीएफडीची (पोपटांच्या चोच-पिसांच्या व्हायरल आजाराची) टेस्ट करून घ्यायची, मगच एव्हियरीत.

तुमच्याकडची पिल्लं पण बंद रिंग (जोड नसलेली अखंड कडी) घालूनच बाहेर जाऊ द्या. दहा-चौदा दिवसांचं पिल्लू हातात घेतलं की पोपटाची दोन बोटं पुढे दोन मागे असतात, पुढची दोन आणि मागचं लांब बोट एकत्र धरून त्यावरून रिंग सरकवायची, मग मागचं छोटं बोट काडीने अलगद बाहेर काढायचं. उशीर झाला तर पाय जाड होतो आणि रिंग जात नाही, जबरदस्ती केली तर बोट दुखावतं. आणि रिंग घातली त्याच दिवशी वहीत नोंद, उद्यावर टाकलं की राहिलंच.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. नाशिकला आईबाबांकडे १४ वर्षांचा आफ्रिकन ग्रे (करडा पोपट) आहे, आता दोघं कायमचे आमच्याकडे येतायत. त्याला आणता येईल का? इथे ग्रे आणि मकाव (लांब शेपटीचे मोठे पोपट) इतके महाग का आहेत? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : ताई, वाईट वाटतंय सांगताना, पण नाही येणार. भारतातून पाळीव पक्षी ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, कितीही टेस्ट करा, कितीही खर्च करा. त्या देशात जंगली काकाकुवा, लोरिकीट, रोझेला एवढे आहेत की बाहेरून बर्ड फ्लू किंवा न्यूकॅसलसारखा (आपण राणीखेत म्हणतो तो) आजार आत शिरला तर रानातले पक्षी आणि पोल्ट्री दोन्ही जातील, म्हणून ते इतके कडक आहेत. १९९० नंतर काही वर्षं क्वारंटाइनमधून पक्षी आणायची मुभा दिली होती, १९९५ मध्ये तीही थांबली.

त्यामुळे तिथले ग्रे आणि मकाव म्हणजे आधी आत आलेल्या पक्ष्यांचीच पोरं-नातवंडं, बाहेरून भर नाही, आणि मकाव वर्षाला दोन-तीन पिल्लं देणार तेही पाच-सहा वर्षांचा झाल्यावर, मग भाव चढणारच. पण याच बंधनामुळे तिथल्या चांगल्या ब्रीडरना वंशावळ सांभाळायची सवय लागली, कारण एक चांगली पेअर म्हातारी झाली की बदली मिळत नाही हे त्यांना कळून चुकलंय. आपल्याकडे पण आता तीच वेळ आलीये.

तुमच्या ग्रेचं घर बदलायचं तर आईबाबा निघायच्या आदल्या आठवड्यात नका करू. ग्रे माणसाला फार धरून असतो, दुःखाने पिसं उपटतो. चार-सहा महिने आधीपासून जे त्याला घेणार आहेत त्यांना रोज येऊन हातातून शेंगदाणा, पेरू खाऊ घालू दे, मग दोन दिवस त्यांच्याकडे, मग आठवडा. त्याचाच पिंजरा, त्याचीच दांडी बरोबर द्या. आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद झालीये का ते बघा, मालक बदलताना तेही कळवावं लागतं.

प्रश्न : इम्पोर्ट बंदीने जंगलातल्या पोपटांचा खरंच फायदा होतो का? की फक्त स्मगलिंग वाढतं? (कॉलेज विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : दोन्ही होतं, पण फायदा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेने १९९२ मध्ये कायदा करून रानातून पकडलेल्या पोपटांची आयात जवळपास बंद केली. त्यानंतर दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या घरट्यांचा जो अभ्यास झाला, २१ जाती, १४ देश, चार हजारांवर घरटी, त्यात सरासरी ३० टक्के घरट्यांतून पिल्लं चोरली गेली होती, पण १९९२ नंतर चोरीचं प्रमाण बरंच कमी झालेलं दिसलं. युरोपने ऑक्टोबर २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने आयात थांबवली आणि २००७ पासून फक्त मान्यताप्राप्त ठिकाणी पिंजऱ्यात जन्मलेलेच पक्षी घ्यायचं ठरवलं. आफ्रिकन ग्रे २०१६ मध्ये साइट्सच्या परिशिष्ट एकमध्ये गेला, म्हणजे रानातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय धंदा बंद.

स्मगलिंग मात्र खरं आहे, आपल्याकडे मिझोराममध्ये म्यानमार सीमेवरून आणलेले प्राणी-पक्षी पकडले जातात, पाइपात, पिशवीत कोंबलेले. म्हणून नुसती बंदी पुरत नाही, घेणाऱ्याने कागद मागितलाच पाहिजे.

आणि पिंजऱ्यातली पैदास किती नाजूक असते ते स्पिक्स मकावकडे बघ. ब्राझीलच्या रानातला शेवटचा नर २००० मध्ये दिसेनासा झाला, उरलेले सगळे मोजक्याच पक्ष्यांची संतती, अंडी भरायची नाहीत, पिल्लं जगायची नाहीत. तरी एकेका पक्ष्याची वंशावळ बघून जोड्या लावत जून २०२२ मध्ये आठ पक्षी कुरासा भागात रानात सोडले.

प्रश्न : बजी, कॉकाटील, लव्हबर्ड यांना पण रजिस्ट्रेशन लागतं का? (ठाणे)

उत्तर : बजी आणि कॉकाटीलला नाही, ते साइट्सच्या यादीत नाहीत. लव्हबर्डमध्ये घोळ होतो, गुलाबी चेहऱ्याचा पीचफेस यादीत नाही, पण डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला फिशर यादीत आहे, त्याची नोंद लागते. सन कॉन्यूर, मकाव, ग्रे यांनाही लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेशवर, आणि परिशिष्ट एकमधल्या पक्ष्यांची पैदास करायची तर वेगळं लायसन्स. आणि आपला साधा हिरवा पोपट, कंठवाला, तो पाळायलाच बंदी आहे, तो कुणी विकत असेल तर घेऊ नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा.