पेट्रोलचा कॅन नको, डब्याचं झाकण घ्या

प्रश्न : जानेवारीत मी आणि माझा मेहुणा दोन बुलेटवर (३५० सीसी) साताऱ्याहून जैसलमेर आणि पुढे तनोट-लोंगेवाला करणार आहोत. वाळवंटात पंप नसतील म्हणून पाच-पाच लिटरचे कॅन बांधावेत का? मेहुण्याला वाळूच्या टेकड्यांवर गाडी चढवायचीय.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कॅन राहू द्या. जैसलमेर-रामगड-तनोट साधारण १२० किलोमीटर, तिथून लोंगेवाला चाळीसच्या आतबाहेर, परत रामगडवरून जैसलमेर. सगळा फेरा तीनशेच्या आत. तुमची टाकी १३ लिटरची. समोरच्या वाऱ्यात गाडी लिटरला तीसच देईल असं धरा, तरी भागतं. शिवाय रामगडला पंप आहे. पहिल्या खेपेला मी कॅन नेला होता. तो उन्हात फुगून पाझरला आणि माझ्या स्वेटरला घरी येईपर्यंत पेट्रोलचा वास होता.

त्यापेक्षा स्टीलच्या डब्याचं एक झाकण घ्या. १९७१ च्या डिसेंबरमध्ये लोंगेवाल्याला शत्रूचे रणगाडे वाळूत रुतले होते. तिथेच मी रस्त्याकडेला गाडी साइड स्टँडवर लावली आणि फोटो काढायला वळलो. स्टँड हळूहळू आत गेला, गाडी आडवी, क्लचची लिव्हर मुळाजवळ तुटली. उरलेल्या बोटभर तुकड्याला पक्कड लावून जैसलमेर गाठलं. तेव्हापासून स्टँडखाली झाकण ठेवतो. (बायको अजून त्या डब्याला ताटली झाकते.) जादा लिव्हर आणि क्लचची केबलही घ्या.

खरा धोका डांबरावरच असतो. रस्ता सरळसोट, हात सैल पडतो, आणि वळणावर वाऱ्याने आणलेली वाळू पसरलेली असते. वाळू दिसली की आधीच, गाडी सरळ असताना वेग उतरवा. वाळूवर गेल्यावर पुढचा ब्रेक धरू नका, हँडल आवळू नका. चेनला तेल थापू नका; वाळू चिकटून तिची कानस होते. रोज संध्याकाळी फडक्याने पुसा.

सकाळी गारठा असतो, ऊन वर आल्यावरच निघा; पण साडेचारच्या पुढे तनोटला रेंगाळू नका. तिथल्या तनोट मातेच्या देवळात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले बॉम्ब आहेत, ते सावकाश पाहा. पूजाअर्चा, देखभाल सगळं सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. त्यापुढे सीमेकडे जायला परवानगी लागते. अंधार पडला की उंट रस्त्यावर येतात. हेडलाइटात त्यांचे फक्त पाय दिसतात, तेही उशिरा.

आता मेहुणे. टेकडीच चढायची तर जैसलमेरजवळच्या सम गावी, वाळूच्या टेकड्यांवर, उंटावर बसवा. बुलेट दोनशे किलोची. रुतल्यावर थ्रॉटल पिळला की मागचं चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. तरी ऐकलं नाहीतच, तर इंजिन बंद करून गाडी आडवी पाडा, खड्डा पायाने वाळू लोटून बुजवा, मग दोघांनी उभी करा. तेवढ्यासाठी तुम्ही त्यांच्या मागे, डांबरावर थांबा.