शिंपल्यातलं औषध आणि कोरी डिस्क

लेकरा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून सकाळी चहा घेऊन निवांत लिहायलोय. नांदेडात बसून समुद्राच्या शंख-शिंपल्यांत औषध शोधायचं काम करायचं म्हणलं की लोक हसायलेत, असं लिहिलंस. हसू दे त्यांना. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) आपल्या विद्यापीठात शिंपल्यांवर किती वर्षांपासून काम झालंय, आणि आपल्याकडं वैद्य पित्तावर शंखभस्म, कवडीचं भस्म देत आलेतच की. फक्त एक फरक आधी डोक्यात पक्का कर. भस्म कवचाचं असतं, म्हणजे मुख्यतः कॅल्शियमच. तू जे शोधायलीस ते आतल्या मऊ जिवात आहे, ज्याला पळता येत नाही आणि म्हणून रसायनावर जगावं लागतं.

कोनस नावाची समुद्री गोगलगाय घे. इतकी हळू, तरी तिच्या काही जाती मासा मारून खातात, विषारी दात टोचून. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ओलिव्हेरा अमेरिकेत युटा विद्यापीठात या विषावर काम करायचे, आणि त्यांच्या लॅबमध्ये कोनस मॅगस जातीच्या विषातला कामाचा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, शोधला तो मायकल मॅकिन्टॉशनं, तेव्हा तो नुकताच शाळा संपवून आलेला पोरगा होता, तुझ्याहून लहान! फक्त 25 अमिनो आम्लांचा रेणू. त्याचीच लॅबमध्ये बनवलेली प्रत म्हणजे झिकोनोटाइड, तीव्र वेदनांवरचं औषध, 2004 ला अमेरिकेत मंजूर झालं, मॉर्फिनसारखी सवय लागत नाही. पण गोळी नाही बरं का, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात पंपानं सोडावं लागतं आणि मनावर वाईट परिणाम होऊ शकतात म्हणून डॉक्टर फार जपून वापरतात.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. डोलाबेला नावाचा समुद्री ससा, गोगलगायीच्याच जातीतला, बाहेरून कवच दिसतच नाही. अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या टीमनं 1972 ला तो हिंदी महासागरातून गोळा केला, आणि त्यातल्या डोलास्टॅटिन 10 या कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या रेणूची रचना छापून आली 1987 ला. पंधरा वर्षं! जवळपास एक टन जनावरातून 30 मिलिग्रॅमसुद्धा माल निघाला नव्हता. एवढं करून तो रेणू एकटा दिला तर पेशंटला झेपेना. मग त्याच्यासारखा दुसरा रेणू बनवून अँटिबॉडीला जोडला तेव्हा 2011 ला हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरवरचं औषध मिळालं. आणि मधेच कळलं की हा रेणू मुळात समुद्रातल्या सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवांचा, समुद्री सशाच्या अंगात आलेला तो खाण्यातून. म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये "या शिंपल्यातून मिळालं" एवढंच लिही, "हा शिंपला बनवतो" असं लगेच लिहू नको, आणि जनावर कुठं, कोणत्या महिन्यात गोळा केलं ते वहीत पाहिजेच.

आता माझं सांगतो. विद्यार्थी असताना मी रत्नागिरीहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून गोगलगायी एसटीनं आणल्या, आख्खी रात्र डबा मांडीवर. मिथेनॉलमध्ये अर्क काढला, जंतू वाढवायच्या प्लेटवर अर्कात भिजवलेली कागदाची छोटी डिस्क ठेवली आणि दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती 13 मिमीचा स्वच्छ गोल, म्हणजे तिथं जंतू वाढलेच नव्हते. घरी फोन करून सांगितलं, रात्री झोप नाही. दोन महिन्यांनी एका सिनिअर ताईनं प्लेट हातात घेऊन विचारलं, नुसत्या मिथेनॉलची डिस्क कुठंय? लावली. तेवढाच गोल. माझ्या डिस्कमधलं मिथेनॉल नीट उडालंच नव्हतं. ते दोन महिने गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट त्या जिवांचं वाटलं, उगंच मारले मी. अजून डोळ्यापुढं येतात.

म्हणून कोरी डिस्क, म्हणजे अर्काशिवाय नुसत्या मिथेनॉलची, पहिली. मिठाकडंही बघ, समुद्राचा जीव आहे, अर्कात मीठ येणारच आणि नुसत्या मिठानंही पेशी मरतात, तेव्हा मीठ काढल्याशिवाय कॅन्सरचं नाव तोंडात घेऊ नको. कॅन्सरच्या पेशी मारल्या तर साध्या पेशींचं काय झालं तेही दाखव. अर्क उकळू नको, पेप्टाइड हातचे जातात.

हात बसवायला आधी गोदावरीतलेच शिंपले घे, लॅमेलिडेन्स भरपूर सापडतो. मग कोकणात जा, बाजारात खायला येणाऱ्या तिसऱ्या, कालवं यांच्यापासून सुरू कर. कोचीच्या सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) हिरव्या शिंपल्याच्या अर्काची सांधेदुखीवरची कॅप्सूल काढलीय, कडलमिन नावानं, म्हणजे खायच्या शिंपल्यातही काम आहेच. किनाऱ्यावर जिवंत कोनस दिसला तर हात लावू नको, माणसं मेलीत त्यानं. काही शंखांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, उचलायच्या आधी यादी बघ. आणि प्रत्येक जातीचं एक कवच लेबल लावून जपून ठेव, उद्या कुणी नाव चुकलं म्हणलं तर दाखवायला.

पुढच्या आठवड्यात प्लेट लावणार म्हणलीस ना, तर कोऱ्या डिस्कचा फोटो आधी पाठव, तुझ्या अर्काचा नंतर.

तुझा,
सर