आजोबांचा शब्द आणि नातीचा केशरी शर्ट

प्रश्न : आम्ही व्हँकुव्हरला असतो. इंदूरहून सासरे आले आहेत. ३० सप्टेंबरच्या निमित्तानं आदल्या दिवशी लेक केशरी शर्ट घालून शाळेतून आली, तर बाबा कौतुकानंच म्हणाले, "अरे वा, रेड इंडियनांचा सण का?" लेक रडायलाच लागली. त्यांना कसं सांगू? आणि मराठीत म्हणायचं तरी काय?

उत्तर : बाबांवर चिडू नकोस. आमच्या पिढीनं हा शब्द काउबॉयच्या चित्रकथांतून उचलला. त्यात कातडीचा रंग आहे, कोलंबसची चूक आहे. त्या माणसांचं स्वतःचं काही नाही. नुसतं 'इंडियन'ही नको. कॅनडातला १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट आजही त्याच नावानं लागू आहे आणि त्यांच्यातले काही जण स्वतःला तसं म्हणवतातही, पण ते त्यांनी म्हणावं.

तिथे मूळ रहिवाशांचे फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी असे तीन समूह. इनुइटांना 'एस्किमो' आता कुणी म्हणू नये. इनुइट हे अनेकवचन, एकटा असेल तर इनुक. आणि मेटी म्हणजे कुणीही मिश्र रक्ताचा माणूस नव्हे, तो स्वतंत्र समाज आहे. सगळ्यांना मिळून 'मूळ रहिवासी' म्हण. 'टोळी', 'जमात' नको. नेमकं नाव ठाऊक असेल तर तेच घ्यावं. तुमचं शहर मस्क्वियम, स्क्वामिश आणि स्लेल-वॉटुथ यांच्या भूमीवर वसलंय. झाबुआकडचा आदिवासी माणूस भिल की भिलाला, हे आपण तरी कुठे विचारतो म्हणा! पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात काढूनही कुणी "तुम्ही महाराष्ट्रवाले" म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. बाबांच्याही पडत असणार. सुरुवात तिथूनच कर.

तो दिवस सणाचा नाही, हे मात्र लेकीलाच सांगू दे. १९७३ साली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी तुमच्याच ब्रिटिश कोलंबियातल्या ख्रिस्ती मिशनच्या निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तिच्या अंगावरचा नवाकोरा केशरी शर्ट काढून घेतला, तो परत दिलाच नाही. अशा शाळांत मुलांना घरापासून तोडत, त्यांची भाषा बोलू देत नसत. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्या मुलांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे.

तो शर्ट तिला आजीनं घेऊन दिला होता. लेकीला म्हणावं, आजोबांना हे सांगायला विसरू नकोस.