सणाला यायचे की सण झाल्यावर

आपली आई डायालिसिसवर आहे, चार महिन्यांनी आपण परदेशी रुजू होणार आहात, आणि दर वर्षी सणाला घरी येऊन तो आईबरोबर साजरा करणे कितपत जमेल, असे आपण विचारले आहे. व्हिसा, करार, विमा यांची माहिती अधिकृत ठिकाणी माझ्याहून चांगली मिळेल, म्हणून त्यात मी शिरत नाही. अकरा वर्षांपूर्वी निघताना मीही स्वतःला हेच विचारले होते, आणि 'जमेल की' असे उत्तरही स्वतःच देऊन मोकळा झालो होतो.

डायालिसिसला सणाची सुट्टी नसते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, हा क्रम चालूच राहतो. केंद्राने सुट्टीमुळे वार बदलले तर दोन पाळ्यांमधले अंतर वाढते आणि नेमके त्याच दिवसांत घरातले खाणेपिणे सैल झालेले असते. मूत्रपिंडे थकली की पाणी अंगात साठते, मिठाने तहान वाढते, पोटॅशियम चढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दोन दिवसांच्या खंडानंतरचा दिवस अशा रुग्णांना अधिक धोक्याचा असतो, असे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दिसले होते, तेही माझ्या वाचनात आले होते. माझे सगळे ज्ञान वाचनातलेच होते. माझी आईही डायालिसिसवर होती, आणि वहिनींनी तिच्या पेल्यावर नेलपॉलिशने एक आडवी रेघ ओढली होती. रेघेपर्यंत भरलेला प्रत्येक पेला वहिनी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने मांडत, आणि औषधाबरोबर घेतलेला घोटही त्यातून सुटत नसे.

पहिल्या वर्षी मी सणाला आलो आणि 'एका दिवसाने काय होते' असे म्हणत आईचा पेला रेघेच्या वर भरला. आईने तो आनंदाने घेतला, पुन्हा मागितला, मी पुन्हा दिला. दुसऱ्या रात्री तिला आडवे होता येईना. उशांना टेकून, तोंड उघडे ठेवून ती रात्रभर बसली होती, आणि पहाटे दादा तिला तातडीच्या डायालिसिसला घेऊन गेला. तिथे काट्यावर तिचे वजन ठरलेल्या कोरड्या वजनापेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, जवळजवळ चार किलो जास्त भरले. माझे परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे होते आणि मी ते बदलले नाही. निघताना माझ्या बॅगेची चेन लागत नव्हती, ती वहिनींनी गुडघा टेकवून लावून दिली.

एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. तो असतो, आणि कामाच्या दिवशी त्याच्याकडे पाहायला वेळ नसतो.

शाळेचे मात्र अजून सलते. आपल्या सणाला तिकडे सुट्टी नसते, त्यामुळे मुलीसाठी चार दिवसांची रजा मागितली, तेव्हा आजीच्या आजाराचे प्रमाणपत्र भाषांतरित आणि साक्षांकित करून आणायला सांगण्यात आले, आणि ते दिल्यावर आजी 'निकटच्या कुटुंबात' मोडत नसल्याने रजा नामंजूर झाल्याचे पत्र आले. त्याच महिन्यात त्याच शाळेने तिच्याकडून वंशवृक्ष काढून घेतला होता, आणि त्यात आजीचे चित्र सर्वांत मोठे होते.

पाचव्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणासाठी दिलेला माझा पासपोर्ट कार्यालयात अकरा आठवडे अडकून पडला. मी रोज फोन करत असे, रोज तेच ध्वनिमुद्रित उत्तर ऐकत असे, आणि घरी सर्वांना माझी चिडचिड ऐकवत असे. पण सणापूर्वी पासपोर्ट मिळणार नाही हे नक्की झाले, त्या संध्याकाळी मला हलके वाटले. आईचा श्वास, बाबांचे सारखे 'हे गृहस्थ कोण' असे विचारणे, पाहुण्यांसमोर धरलेले हसू, हे सारे त्या वर्षापुरते टळले होते आणि दोष देण्यासाठी एक कार्यालय आयते मिळाले होते. हे मी पत्नीलाही सांगितलेले नाही. आपण विचारलेत, म्हणून लिहितो आहे.

तेव्हा आपल्याला सांगायचे ते इतकेच की, तिकीट काढण्यापूर्वी घरी जो कोणी सांभाळणार आहे, त्याला तारीख विचारा. सण सकाळी तासाभरात, दोन-तीन माणसांत आणि डायालिसिस नसलेल्या दिवशी करता येतो. पाळीच्या दिवशी संध्याकाळी माणूस गळून गेलेला असतो. बाबांसारख्या विसर पडणाऱ्या माणसालाही सकाळच बरी, कारण दिवस मावळताना त्यांचा गोंधळ वाढतो. सण आईचाही व्हावा असे वाटत असेल, तर पाळीला तिच्याबरोबर जा. त्या चार तासांत आईने मला माझ्या जन्माआधीच्या गोष्टी सांगितल्या, ज्या भरल्या घरात तिने कधी काढल्या नव्हत्या.

मी वहिनींना तारीख विचारली ती सहाव्या वर्षी, पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "सणाला नको, भाऊजी. सण झाल्यावर तीन आठवडे या, म्हणजे मला माहेरी जाता येईल." त्यांचे वडील दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले होते, हे मला त्या फोनवर कळले.